हिंगण्याच्या झोपडीला ग्रेड किती?

विद्यापीठांत सध्या समावेशनाचे दिवस आहेत. विद्यापीठांना ग्रेड देणाऱ्या 'नॅक'ची टीम येणार म्हटलं की विविधता कक्षाला जाग येते. फ्लेक्स लागतो, चार प्रांतांचे पोशाख भाड्याने येतात, दत्तक वस्तीत पोरांच्या हाती खराटे देऊन जिओटॅग फोटो काढले जातात. खराटे संध्याकाळी परत. व्हीलचेअरसाठी रॅम्पही असतो. तो जिथे संपतो त्या दाराला कुलूप, किल्ली शिपाईमामांकडे आणि मामा रजेवर. फोटोत कुलूप येत नाही, त्यामुळे गुण पूर्ण.

गुण देण्याचा हाच तक्ता घेऊन आमची काल्पनिक समिती कर्वेनगरात, म्हणजे जुन्या हिंगण्यात, १९०० साली शिरली आणि पुढची वीस वर्षं फाइल चाळत बसली.

पायाभूत सुविधा : विधवांच्या आश्रमाची एक झोपडी. शून्य. फर्ग्युसनमधले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे शहरातून इथवर पायी येतात म्हणे. जिओटॅग नाही, सबब अग्राह्य.

जाणीवजागृती : विधवांसाठी सप्ताह किती साजरे केले? एकही नाही. कर्व्यांच्या नावावर निघालं ते फक्त १८९३चं एक लग्न, विधवा गोदूबाईंशी.

लोकसहभाग : इथे मात्र पैकीच्या पैकी. त्या लग्नापायी मुरूडकरांनी एकदिलाने आपल्याच गावच्या सुपुत्राला वाळीत टाकलं. एवढा लोकसहभाग आजच्या एकाही कुलगुरूंना जमलेला नाही.

आंतरराष्ट्रीय सहकार्य : आश्रमातल्या पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, तोडक्यामोडक्या इंग्रजीवर निधी जमवायला अमेरिकेला गेल्या, पोटासाठी तिथे घरकामही केलं. सामंजस्य करार? नाही. शून्य.

विद्यार्थिसंख्या : १९१६ साली कर्व्यांचं महिला विद्यापीठ निघालं तेव्हा विद्यार्थिनी पाच, शिक्षण मातृभाषेतून. शेरा : 'व्यवहार्य वाटत नाही.' १९२०मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव लागलं, तेव्हा कुठे समितीने चहा घेतला.

एक गुण मात्र रास्तच कापला गेला. आश्रमाचं दार बराच काळ मुख्यतः ब्राह्मण विधवांपुरतंच उघडं होतं. जो स्वतः वाळीत पडला, त्याच्याही उंबऱ्याला मर्यादा होती. फरक इतकाच, की पंच्याऐंशी उलटल्यावर, १९४४ साली, माणसाने समता संघ काढला. आपल्याकडे त्या वयात लोक सल्लागार समितीवर जातात.

अंतिम ग्रेड : 'सी'. त्या झोपडीतून वाढलेल्या संस्थेच्या आवारात आज मुली इंजिनिअर होतात, ही नोंद करायला तक्त्यात रकाना नव्हता.

तेव्हा वाचकहो, उद्या कुठल्याही विद्यापीठाने समावेशनाचा चकचकीत अहवाल हाती ठेवला, तर फोटो मोजत बसू नका. एवढंच विचारा : यापायी तुम्हाला कुणी वाळीत टाकलं का? उत्तर 'नाही' आलं, तर तो अहवाल खुशाल रद्दीत घाला.