ऑशकॉशहून भोपाळास : कागदी फलकाविषयी सविस्तर निवेदन

तीर्थरूप आबा व तीर्थरूप सौ. आजी, मुक्काम अरेरा कॉलनी, भोपाळ, यांच्या चरणी ऑशकॉशनिवासी कुटुंबाचा शिरसाष्टांग नमस्कार; विनंती विशेष.

गराजात विमान आणि गाडी मात्र बर्फात, हा काय प्रकार, अशी पृच्छा आबांच्या पत्रात असल्याने प्रस्तुत पत्री त्याचा क्रमवार खुलासा केला आहे. येथे अमेरिकेत हौशी माणसाला स्वतःच्या शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी विमान बांधता येते. मात्र निम्म्याहून अधिक काम हौशी हातांनीच झालेले असावे लागते. विमान बांधणाऱ्या चिरंजीवांनी ही अट पाळली असून कामावरचे वाद तर शंभर टक्के घरचेच आहेत. हे खूळ केवळ परदेशी नव्हे, हेही नमूद करणे उचित ठरेल : मुंबईत चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले आणि 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी प्रत्यक्ष पाहिले.

सध्या गाडे उपकरण-फलकापाशी, म्हणजे वैमानिकासमोरच्या घड्याळे व बटणे बसवायच्या पत्र्यापाशी, अडले आहे. वर डावीकडून वेगमापक, क्षितिजदर्शक व उंचीमापक आणि क्षितिजदर्शकाच्या खाली दिशादर्शक, अशी मांडणी रूढ आहे, कारण ढगात शिरल्यावर बाहेरचे काहीच दिसत नसल्याने वैमानिकाची नजर या चौघांतच फिरत राहते. मोठ्या गोल उपकरणाचे प्रचलित छिद्र 3⅛ इंच, म्हणजे सुमारे 79 मि.मी. व्यासाचे असते, आणि पत्र्याला एकदा पडलेले छिद्र जागा चुकली म्हणून सरकवता येत नाही. आजी ब्लाउज बेतताना कापडाआधी वर्तमानपत्राला कात्री लावतात, त्याच न्यायाने येथे संपूर्ण फलक आधी प्रत्यक्ष मापाच्या कागदावर उतरवून पुठ्ठ्यावर चिकटवला जातो.

संगणकाच्या पडद्यावर सर्व उपकरणे गुण्यागोविंदाने नांदतात. पुठ्ठा आसनासमोर उभा केला की त्यांची खरी कुळकथा बाहेर येते. विमान वळवण्याचा दांडा पूर्ण पुढे लोटला की कोणते बटण बोटांखाली चिरडते, उंच माणसाचा गुडघा कशाला लागतो, पट्टा आवळून बसल्यावर इंधनाच्या कळीपर्यंत हात पोहोचतो की नाही, हे तेव्हाच कळते. शिवाय कागदाला जाडी नसते आणि रेडिओची पेटी मात्र फलकामागे बरीच खोल जाते, त्यामागे तारांना वळायलाही जागा लागते. म्हणून पुठ्ठ्याच्या पाठीशी बाकरवडीचे रिकामे खोके मापाने कापून चिकटवण्यात आले असून घरात त्यालाच अधिकृतपणे ‘रेडिओ’ म्हटले जाते.

सर्वांत मोठा पेच गणपतीचा उद्भवला. सूनबाईंनी आणलेल्या मूर्तीच्या तळाशी लोहचुंबक आहे आणि फलकावर तिच्यासाठी राखलेले 2¼ इंची वर्तुळ नेमके होकायंत्राशेजारी आले. चुंबकाच्या सान्निध्यात होकायंत्राची सुई उत्तरेऐवजी गणरायाकडे पाहू लागते. भक्तीच्या दृष्टीने हे इष्ट असले, तरी मार्गक्रमणाच्या दृष्टीने नव्हे. कागदी वर्तुळ सोलून दुसऱ्या टोकाला चिकटवले आणि चुंबकाऐवजी डिंक ठरला, तेव्हा प्रकरण मिटले. पत्रा आधीच कापला असता, तर हा तंटा भोक बुजेपर्यंत, म्हणजे कायमचा, चालला असता.

आधी रेषा आणि मग छिन्नी, हा क्रम भोपाळकरांना नवा नाही. जवळच भोजपूरला, अकराव्या शतकातील अपुऱ्या शिवमंदिराभोवतीच्या खडकांवर, कारागिरांनी कोरलेले मंदिराचे आराखडे आजही दिसतात. ज्या राजा भोजाशी त्या मंदिराचे नाव जोडले जाते, त्याच्याच नावावरील ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथाच्या यंत्रविधान अध्यायात हलक्या लाकडाच्या, पाऱ्यावर चालणाऱ्या उडत्या पक्ष्याचे वर्णन आहे. परंतु यंत्रांची घडण गुप्ततेस्तव सांगितलेली नाही, असे ग्रंथकार स्वतःच बजावतो. त्यामुळे होकायंत्र कोठे बसवावे, याबाबत राजाचा काहीच उपयोग झाला नाही.

अंतिम मांडणीचा कागद सोबत टपालाने धाडला आहे, संगणकावरून नव्हे. कारण तेथील ए-फोर कागद येथील लेटर कागदापेक्षा अरुंद व लांब असतो आणि छपाईयंत्र ‘पानात बसवण्या’च्या सौजन्यापोटी चित्र बिनबोभाट आकुंचित करते. कोपऱ्यात 100 मि.मी.ची रेघ आखलेली आहे. आबांनी ती प्रथम पट्टीने मोजावी, मग कागद भिंतीवर लावून खुर्चीत बसल्या जागी हात पुरतो का ते पाहावे, आणि आक्षेप असल्यास पत्र्याला करवत लागण्यापूर्वी कळवावेत. आक्षेप नसल्यास तसेही कळवावे, म्हणजे घरात कोणाचा तरी विश्वास बसेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.