आपला निबंध ‘सर्वांसाठी खुला’ असल्याबाबत

प्रति,
मा. संशोधक महोदय,
(प्रीप्रिंट चढवून निर्धास्त झालेले सर्व)

विषय : आपल्या निबंधाचा परवाना व सोर्स फाइली यांबाबत खुलासा मिळणेविषयी.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळवतो की, आपला प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधी खुला ठेवलेला निबंध, त्याने आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर वाचला. फुकट वाचला आणि कुणी हटकलं नाही. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१च्या ऑगस्टमध्ये लॉस ॲलमॉसला ही सोय सुरू केली, २००१मध्ये ती कॉर्नेल विद्यापीठात गेली, आणि आज टीआयएफआर असो वा आयुका, आपल्याकडच्या संशोधन संस्थांत अनेकांचा दिवस तिथली नवी यादी चाळूनच सुरू होतो. एवढ्या उपकाराबद्दल तक्रार करणं शोभत नाही. पण नाइलाज आहे.

निबंधाचा मराठी अनुवाद करून मासिकाला द्यावा, आकृती ३मधल्या अक्षांना मराठी नावं घालावीत, असा अर्जदाराचा बेत होता. आपण समाजमाध्यमावर ‘ज्ञान सर्वांचं’ असं जाहीर केलेलं वाचून त्याला जोर चढला. मग त्याने सारांशाशेजारच्या लायसन्सच्या खुणेवर टिचकी मारली, आणि बेत तिथेच बारगळला.

महोदयांनी निवडलेला परवाना आर्काइव्हचा स्वतःचा आहे. तो महोदयांनीही वाचला नसण्याची शक्यता गृहीत धरून सारांश देतो : निबंध कायम वाटत राहण्याचा हक्क आर्काइव्हला दिला आहे. वाचकाला? काही नाही. कॉपीराइट महोदयांकडेच राहतो. अनुवाद, फेरबदल, पुनर्मुद्रण यांसाठी वाचकाने ईमेल पाठवायचा आणि महोदयांनी तो यथावकाश स्पॅममध्ये शोधायचा. निबंधातलं प्रमेय कुणीही वापरावं, त्यावर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर, वाक्यांवर, आकृत्यांवर. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी अभ्यासाला, संशोधनाला, टीका-समीक्षेला सूट देतं. म्हणजे अर्जदाराने आपल्या निबंधाची सालं काढली तर चालेल. तो सबंध मराठीत आणून छापला तर आपली परवानगी हवी.

यादीत दुसरे पर्याय नव्हते असंही नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय’ होता : नाव द्या, बदल केले असतील तर तसं सांगा, बाकी काय वाटेल ते करा. महोदयांच्या एका सहकाऱ्याने तर क्रिएटिव्ह कॉमन्स निवडल्याचा आनंद साजरा करत ‘बाय-एनसी-एनडी’वर खूण केली. एनडी म्हणजे बदललेली प्रत वाटायची नाही, आणि अनुवाद हाही बदलच धरला जातो. एनसी म्हणजे व्यावसायिक वापर नाही. एनसी किंवा एनडी लागलं की ती आकृती विकिपीडियालाही चालत नाही. त्यांचेही अभिनंदन.

आता सोर्स फाइलींकडे. लाटेक (LaTeX) या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहिलेला निबंध आर्काइव्ह नुसत्या पीडीएफच्या रूपात घेत नाही. मजकुराची फाइल, आकृत्या, असतील ती मॅक्रो असं सगळं गाठोडं मागतं, आणि ते पीडीएफच्या शेजारीच कुणालाही उतरवून घेता येतं. अर्जदाराने उतरवलं. त्यात ‘आकृती३_फायनल_आता_खरंच_फायनल’ निघाली, जर्नलची मांडणी ठरवणारी क्लास फाइल निघाली, आणि निघाल्या टक्क्याच्या चिन्हामागे दडलेल्या ओळी. हे चिन्ह लावलं की लाटेक ती ओळ छापत नाही. फाइलीतून मात्र ती हलत नाही. ‘हा बिंदू का जुळत नाही? रेफरीने विचारलं तर बघू,’ असं कुणीतरी लिहून ठेवलंय. अर्जदाराने सभ्यपणे पुढची ओळ वाचली. ती जास्त वाईट होती.

यात महोदय एकटे नाहीत. मार्च २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जीपीटी-४वरचा दीडशेहून अधिक पानांचा निबंध आर्काइव्हवर ठेवला, तेव्हा लोकांनी सोर्स उघडून त्यातल्या झाकलेल्या ओळी वाचल्या. निबंधाचं आधी योजलेलं, याहून भडक शीर्षकही त्यांतच सापडलं. अशा ओळी आपोआप पुसणारं ‘आर्काइव्ह-लाटेक-क्लीनर’ गूगलच्या संशोधन विभागाने फुकट देऊन ठेवलंय. वापरायला एक आज्ञा पुरते.

पण लाज राहिली बाजूला, खरा प्रश्न हक्काचा. गाठोड्यातली क्लास फाइल बहुधा लाटेक प्रोजेक्टच्या वेगळ्या परवान्याखाली येते. आकृती २ दुसऱ्याच निबंधातून प्रकाशकाच्या परवानगीने घेतलेली. महोदयांनी उद्या निबंधाला ‘सीसी बाय’ लावलं, तरी ते लागू होणार फक्त महोदयांच्या मालकीच्या भागाला; उसनी आकृती त्याने मोकळी होत नाही, ती उसनी आहे असं तिच्याखाली लिहावं लागतं. आणखी एक गंमत. जीपीएलसारखा सॉफ्टवेअरचा परवाना सोर्स देणं बंधनकारक करतो. क्रिएटिव्ह कॉमन्स तसं काही मागत नाही. त्यामुळे कोल्ड स्प्रिंग हार्बरने २०१३मध्ये सुरू केलेल्या, जीवशास्त्राच्या प्रीप्रिंटच्या बायोआर्काइव्हवर एखादा निबंध ‘सीसी बाय’ असतो, आकृती बदलायची पूर्ण मुभा असते, आणि हाती मात्र फक्त चित्र. इथे उलट : आकृती ३ची मूळ फाइल अर्जदाराच्या संगणकावर आहे, आणि तिच्यातला एक शब्द बदलून छापायची सोय नाही. हे म्हणजे पाहुण्याला थेट स्वयंपाकघरात बसवायचं आणि पाणीही विचारायचं नाही.

सगळेच वाचक अर्जदारासारखे बुजरे नसतात. मेटा कंपनीने २०२३मध्ये ‘लामा’ हे भाषा-प्रारूप तयार केलं, तेव्हा शिकवणीच्या मजकुरात आर्काइव्हच्या लाटेक फाइली घेतल्या. एकूण मजकुराचा अडीच टक्के भाग. त्यांनीच जाहीर केलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक निबंधातल्या टिप्पण्या काढल्या, शेवटची संदर्भसूची काढली, आणि पहिल्या विभागाच्या आधीचं सगळं काढलं. पहिल्या विभागाच्या आधी काय असतं, हे महोदयांना सांगायला नको : शीर्षक, सारांश आणि लेखकांची नावं. ‘सीसी बाय’ची मुख्य अट श्रेय देण्याची. अशा वापराला परवाना लागतो की नाही यावर वाद चालू आहेत, निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर परवाना विचारत बसलाय तो मराठी मासिकाला लेख देणारा.

सबब विनंती की, अनुवाद व्हावा असं मनापासून वाटत असेल तर ‘सीसी बाय’ घ्यावा. खूण करण्याआधी सहलेखकांना विचारावं आणि ज्या जर्नलकडे निबंध जाणार त्याचे नियम पाहावेत, कारण दिलेला परवाना परत घेता येत नाही. निबंध मागे घेतला तरी आधीची आवृत्ती तिथेच राहते. पैसे कुणाचे हेही पाहावं : गेट्स फाउंडेशनने २०२५पासून आपल्या निधीतून झालेल्या कामाच्या प्रीप्रिंटला ‘सीसी बाय’ची अटच घातली आहे. अनुवाद नकोच असेल, तर आहे तो परवाना ठेवावा. तो महोदयांचा हक्कच आहे. मग फक्त ‘ज्ञान सर्वांचं’ ही ओळ तेवढी काढावी. सोर्ससोबत चार ओळींची एक फाइल ठेवून कोणता तुकडा कुणाचा हेही लिहावं.

नवी आवृत्ती चढवताना परवाना नव्याने निवडता येतो. दुसरी आवृत्ती कधी येणार, एवढं कळवण्याची कृपा व्हावी.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक