८२ पैशांचा प्रामाणिकपणा

माझं पुस्तक एका माणसानं वाचलंय, ही बातमी मला एका मंगळवारी रात्री पावणेअकराला कळली. पुस्तक निघून सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत त्याचा साहित्यिक गाजावाजा झाला तो एवढाच : दोन वर्तमानपत्रांना अभिप्रायासाठी दोन-दोन प्रती पाठवल्या आणि त्यातल्या एकानं ‘साभार पोच’मध्ये नाव, पानं आणि किंमत छापली. किंमत चुकली होती. उरलेल्या प्रती सिडकोतल्या आमच्या घरी दिवाणात आहेत. पाहुणे मुक्कामाला आले की बायको त्यांना आधीच सांगून ठेवते, “भाऊजी, जरा कडक लागेल हं, खाली ह्यांचं साहित्य आहे.”

तर ई-मेल आला. विषय : ‘आपल्या लेखनानं अस्वस्थ झालेला एक वाचक’. पुढं चार परिच्छेद, सगळे माझ्यावर. पान ४७ वरच्या लेखातली पाण्याची रिकामी टाकी म्हणजे आधुनिक माणसाच्या आतल्या पोकळीची प्रतिमा आहे, असं त्यात म्हटलं होतं. आता ही टाकी आमच्या गच्चीवरची. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरानं जमिनीखालून नहरी काढून या गावाला पाणी पाजलं. आमच्या काळात पैठणला जायकवाडीएवढं धरण आहे, पण मी तो लेख लिहिला तेव्हा आठवड्यातून एकदा नळ आला तरी गल्लीत पेढे वाटावेत अशी गत होती. टाकी रिकामी होती, म्हणून मी रिकामी लिहिली. पोकळी वगैरे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पण चार वेळा मेल वाचल्यावर मला आठवायला लागलं, की हो, पोकळीच म्हणायची होती.

लिहिणारा तर सगळंच सांभाळून होता. एकाच वाक्यात त्यानं ‘छत्रपती संभाजीनगर’ही लिहिलं होतं आणि ‘औरंगाबादच्या मातीतला विनोद’ही. इतका तोल आमच्या गावात निवडणुकीला उभ्या राहणाऱ्यालाही साधत नाही.

खाली मुद्दा होता. परदेशातल्या मराठी वाचकांच्या एका मंडळानं माझं पुस्तक ‘या महिन्याचं पुस्तक’ म्हणून निवडलं होतं. वाचन होणार, चर्चा होणार, इंग्रजी भाषांतराचं बघणार. त्यासाठी नाममात्र नोंदणी, ४,९९९ रुपये.

इथं वाचक म्हणेल, एवढंही कळू नये? तीच तर गंमत आहे. तीन आठवड्यांपूर्वी याच सदरात मी ‘डिजिटल अरेस्ट’वर लिहिलं होतं. अशी अटक कायद्यात कुठंच नाही, २०२४ च्या ऑक्टोबरात खुद्द पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये ‘रुको, सोचो, ॲक्शन लो’ म्हणून सांगितलं, तरी शिकलेली माणसं व्हिडिओ कॉलवरच्या खाकी वर्दीला भिऊन पैसे कसे पाठवतात, असा माझा सवाल होता. त्यातच आमच्या विभागीय क्रीडा संकुलाचं प्रकरण घातलं होतं. २०२४ च्या डिसेंबरात ते उघडकीला आलं. तेरा हजार पगाराचा कंत्राटी कर्मचारी, आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार संकुलाच्या खात्यातले २१ कोटी ५९ लाख रुपये परस्पर वळते. युक्ती काय, तर बँकेला द्यायच्या पत्रात संकुलाच्या ई-मेल पत्त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडं. बीएमडब्ल्यू, विमानतळाच्या बाजूला मोठा फ्लॅट, हिऱ्यांचा चष्मा, असं सगळं निघालं. मी लेखाच्या शेवटी ठणकावलं होतं, ‘अहो, निदान ई-मेलचा पत्ता तरी नीट वाचा!’

माझ्या चाहत्याच्या पत्त्यात अकरा आकडे होते. मला वाटलं, परदेशातला आहे.

शिवाय पैसे भरून मोठं होण्याची आम्हा लिहिणाऱ्यांना सवय असते, हे कबूल करून टाकतो. पुस्तक छापताना दोनशे प्रती मीच विकत घेतल्या होत्या. दिवाणात आहेत त्या त्याच. राज्यस्तरीय पुरस्कारासाठी प्रवेशशुल्क भरायचं, मग ‘निवड झाली’ म्हणून फोन, मग स्मृतिचिन्हाचा खर्च, मग शाल आपली आपण आणलेली बरी. असल्या एका समारंभात माझ्यासकट चौसष्ट जणांना पुरस्कार होता आणि टाळ्या वाजवायला कुणी उरलं नव्हतं. त्या मानानं ४,९९९ मध्ये भाषांतर म्हणजे स्वस्तच.

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी क्यूआर कोड स्कॅन केला. सकाळी निरोप आला, जीएसटी राहिला : ८९९ रुपये ८२ पैसे. खरं सांगतो, जी काही शंका होती ती या ८२ पैशांनी घालवली. लुटणारा माणूस नऊशे म्हणेल. ८२ पैसे मागणाऱ्याच्या मागं कुठंतरी हिशेब ठेवणारं ऑफिस असतं, असा माझा उभ्या आयुष्याचा सरकारी नोकरीतला अनुभव. भरले.

तिसऱ्यांदा ‘मानचिन्हाचं कुरिअर’ म्हणून पैशांचा निरोप आला तेव्हा वाळूजच्या कंपनीत असलेला भाचा घरी जेवायला होता. मी मोठ्या कौतुकानं त्याला मेल वाचून दाखवला. तो वरणात भात कालवत म्हणाला, “मामा, हे एआयनं लिहिलंय.”

“पान ४७ चा उल्लेख आहे!”

“तुमच्या पुस्तकाची पीडीएफ फिरतेय ग्रुपवर. मलाच दोनदा आली.”

म्हणजे माझ्या पुस्तकाची चोरीही झाली होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सुखावलो, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. भाच्यानं डाव्या हातानं मोबाइल काढला, फ्रीजवर चुंबकाखाली लावलेल्या टँकरच्या पावतीचा फोटो काढला आणि यंत्राला सांगितलं, ‘या लेखकाची स्तुती कर.’ पापड संपायच्या आत उत्तर हजर. ‘अवघ्या तीन ओळींत लेखकानं शहरी प्रतीक्षेचं महाकाव्य उभं केलं आहे, “बाकी २००” हा शेवट मनात रेंगाळत राहतो.’ बायको म्हणाली, “हे तुमच्या टाकीपेक्षा चांगलंय.”

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी मिल कॉर्नरला पोलीस आयुक्तालय गाठलं. संगणकापुढं तिशीतला एक पोलीस होता. डोळे थकलेले, बोलणं गोड.

“काका, धमकी काय दिली?”

“धमकी नाही दिली.”

“मग आमिष? लॉटरी, शेअर, लोन?”

“नाही हो. म्हणाले, पुस्तक चांगलं आहे.”

टायपिंग थांबलं. “कुणाचं?”

“माझं.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या पुस्तकाकडं पाहिलं. “आणि तेवढ्यासाठी पैसे कामून भरले, काका?”

याचं उत्तर मला आजही देता आलेलं नाही. शेवटी त्यानंच वाक्य शोधलं : ‘फिर्यादीच्या लेखनाची स्तुती करून विश्वास संपादन केला.’ तीस वर्षं लिहितोय, माझ्याबद्दल कुणी इतकं नेमकं लिहिलं नव्हतं. “चारशे वीसच लावा त्याला,” मी म्हणालो. “आता तीनशे अठरा, काका. २०२४ च्या जुलैपासून न्याय संहिता आली.” हा दुसरा धक्का. विनोदी लेखकाच्या हातातून ‘चारसो बीस’ काढून घेणं म्हणजे पोळी-भाजीतून पोळी काढण्यासारखं आहे. राज कपूरनं १९५५ साली ‘श्री ३१८’ काढला असता तर कोण गेलं असतं बघायला?

निघताना मी पुरावा म्हणून पुस्तक पुढं केलं आणि सवयीनं पेन काढून ‘सप्रेम भेट’ लिहायला लागलो. तो घाईघाईनं म्हणाला, “लिहू नका, काका, राहू द्या. गरज लागली तर सांगू.”

चार दिवसांनी बँकेकडून कळलं, रक्कम गोठवण्यात यश आलंय. किती? ८९९ रुपये ८२ पैसे. बाकीचे ४,९९९ कुठल्या कुठं गेले.

आता खरं लाजिरवाणं. पैशांच्या निरोपांसाठी त्यानं दिलेला व्हॉट्सॲप नंबर माझ्याकडं होता. पुन्हा संपर्क करायचा नाही, असं पोलिसांनी बजावलं होतं. बायको झोपल्यावर, पावणेअकरालाच, मी गच्चीवर गेलो आणि टाकीला टेकून टाइप केलं, ‘पैशांचं असू द्या. पण टाकीचा लेख तुम्ही स्वतः वाचला होता का? एवढंच सांगा.’

बराच वेळ एकच टिक होती. मग दोन झाल्या. मग दोन्ही निळ्या. मी वाट पाहत उभा राहिलो. वर काहीही उमटलं नाही.

साभार पोच.