त्यात काय एवढं!

आमचे आप्पा चौलचे. मी हे सहज लिहून गेलो. आप्पा स्वतः 'आम्ही चौलचे' म्हणतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत जरा थांबतात. 'म्हणजे अलिबागजवळ का?' असं त्याने विचारलं की तो मनातून उतरला. 'अलिबाग चौलजवळ आहे,' एवढंच ते सांगतात. ग्रीक लोक चौलला 'सिमुल्ल' म्हणायचे, तेव्हा अलिबागच्या जागी काय होतं, हे मग ऐकणाऱ्याने आपलं आपण बघायचं.

आमच्या किनाऱ्यावर आळीला एक तरी असा माणूस असतोच. मुरूडचा असेल तर जंजिऱ्यापुढे त्याला चीनची भिंत म्हणजे वाडीचं कुंपण. श्रीवर्धनचा असेल तर जगातली बाकीची सुपारी ही लाकडाची एक जात. या मंडळींना प्रवासाची हौस दांडगी असते, कारण आपल्याकडे जे आहे ते इतरांकडे नाही याची खात्री तिथे प्रत्यक्ष जाऊन करून घ्यावी लागते.

आप्पांचा मुलगा सिंगापूरला असतो. ते आणि काकू महिनाभर तिकडे निघाले, तेव्हा सामान उचलायला म्हणून मीही गेलो. सिंगापूर आप्पांनी दोन दिवसांत निकालात काढलं. 'रॅफल्स आला 1819 साली. त्याच्या आधी इथे काय? आमची वाडी यापेक्षा जुनी आहे.' मुलगा बिचारा हिरमुसला. शेवटी त्याने आम्हाला मलाक्काच्या बसमध्ये बसवून दिलं. चार तासांचा रस्ता, वाटेत मलेशियाची सरहद्द. दोन ठिकाणी पासपोर्ट दाखवायला उतरलो तेव्हा आप्पा म्हणाले, 'मांडव्याला लाँच बदलल्यासारखंच आहे हे.'

मलाक्का मात्र त्यांच्या तोलामोलाचं निघालं, आणि तिथेच पंचाईत झाली. 1400 च्या सुमाराला उभं राहिलेलं बंदर, चीनपासून अरबस्तानापर्यंतचा माल इथे उतरायचा. 1511 मध्ये पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने ते घेतलं आणि वर किल्ला बांधला. त्या किल्ल्याचा आता एकच दरवाजा उभा आहे. बाकीचा इंग्रजांनी 1807 मध्ये सुरुंग लावून उडवला. दरवाजाभोवती हिरवळ, बाजूला तोफा, समोर फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी.

आप्पांनी दरवाजाला एक फेरी मारली. आतून बघितला, बाहेरून बघितला. 'त्यात काय एवढं! एक दरवाजा उरलाय तर केवढं कौतुक. आमच्या रेवदंड्याच्या तटातून एसटी जाते.'

हे खरंच आहे. पोर्तुगीजांना चौलच्या खाडीशी किल्ला बांधायची परवानगी निजामशहाने 1521 मध्ये दिली, आणि तो रेवदंड्याचा तट आजही नारळी-पोफळीतून वेडावाकडा पळत समुद्राला भिडतो. फरक इतकाच, की तिथे हिरवळ नाही. बुरुजावर शेळ्या असतात आणि ऊन चांगलं असेल तर गोधड्या. सातखणीच्या मनोऱ्याला सात खण उरलेले नाहीत, पण ते मोजायला कोणी जातही नाही. मी हे हळूच म्हटलं. आप्पा म्हणाले, 'आपला वापरातला किल्ला आहे. यांचा शोकेसमधला.'

टेकडीवर सेंट पॉलचं छप्पर नसलेलं चर्च आहे. 1553 मध्ये सेंट झेवियरचं शव काही महिने इथे पुरलेलं होतं, मग ते गोव्याला नेलं. आप्पांनी फलक नीट वाचला, चष्मा पुसला आणि समाधानाने म्हणाले, 'शेवटी आलेच ना आमच्याकडे!'

दिवसभर हेच चाललं. लाल रंगाचा डच चौक आणि 1753 चं चर्च बघून 'कौलं आपल्याकडे जास्त चांगली.' सायकलरिक्षांवर कापडी अस्वलं, रंगीत दिवे आणि कर्कश गाणी. 'वरातीतली मिनीडोर.' नारळाचं दूध, ताडगूळ आणि हिरव्या शेवया घातलेलं सेंदोल समोर आलं तर 'गौरी-गणपतीला हे तुमच्या काकू करतात, फक्त त्यात बर्फ टाकत नाहीत.' पाककृतीचा मुद्दा आल्यामुळे काकूंनी मान डोलावली, पण दुसरी वाटीही मागवली. जुन्या गावात सोनार आळी आहे, म्हणजे नावाचा अर्थच तसा, आणि त्या आळीत 1781 सालचं गणपतीचं देऊळ. तिथे आप्पांना नमस्कार करावाच लागला. करता करता 'पालीचा बल्लाळेश्वर...' एवढं पुटपुटले. पुढचं बाप्पाने समजून घेतलं असावं.

लॉजवर परत आलो आणि भाषेचा शोध लागला. तिथल्या मुलाने खोलीतलं कपाट दाखवून 'अलमारी' म्हटलं. 'भाषा' म्हणजे बहासा, 'नाव' म्हणजे नामा. आप्पा हरखले. आता इंग्रजीची गरजच काय! काउंटरवर जाऊन त्यांनी आपला चुरगळलेला सदरा दाखवला आणि ठणकावून सांगितलं, 'इस्त्री. वन. हॉट.'

मॅनेजर दचकला. त्याने आप्पांकडे बघितलं, मग त्यांच्या मागे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या काकूंकडे बघितलं, आणि अतिशय अदबीने हात करून काकूंनाच दाखवलं. मलय भाषेत इस्तेरी म्हणजे बायको. आपल्या संस्कृतातली 'स्त्री' तिकडे जाऊन इस्तेरी झाली, आणि आपली कपड्यांची इस्त्री मात्र पोर्तुगीजांकडून आलेली. हा सगळा घोळ उलगडेपर्यंत काकू खुर्चीत बसून होत्या. मग म्हणाल्या, 'बरोबर ओळखलंन की त्याने. चाळीस वर्षं मीच करत्येय.'

संध्याकाळी समुद्राकडच्या पोर्तुगीज वस्तीत गेलो. पोर्तुगीजांचं राज्य इथून 1641 मध्येच गेलं, डचांनी घेतलं. पण त्यांच्या वंशातले कोळी अजून आहेत, आणि ते क्रिस्तांग नावाची, पोर्तुगीजात मलय कालवून झालेली बोली बोलतात. उघड्यावर टेबलं मांडलेली, मासळीचा वास थेट आमच्या थेरोंड्याचा. एक म्हातारी बाई मासे आणून देत होती. कुठले तुम्ही, म्हणून तिने इंग्रजीत विचारलं. आप्पांना हेच हवं होतं. चौल, रेवदंडा, पोर्तुगीज, 1521 असं सगळं त्यांनी एका दमात ऐकवलं आणि वर म्हणाले, 'तुमची ही भाषा, आमच्याकडे पण आहे!'

हेही खरंच. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावच्या पुढे गेलं की कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याशी माउंट कार्मेलचं चर्च, आणि त्याभोवतीची हजारभर माणसं घरात 'नौ लिंग' बोलतात. पोर्तुगीज आणि मराठी एका हंडीत शिजवलेली बोली. चौल 1740 मध्ये मराठ्यांकडे आलं, फिरंगी गेले, बोली मागे राहिली.

म्हातारीचे डोळे लकाकले. ती ताट बाजूला ठेवून बसलीच. 'खरंच? मग मासा याला तिथे काय म्हणतात? पाऊस याला काय म्हणतात?'

आप्पा गप्प.

अडुसष्ट वर्षं हा माणूस त्या खाडीच्या अलीकडे राहिला. कोर्लईच्या बायकांकडून हजारदा बोंबील घेतले असतील, दर मात्र मराठीतच पाडून मागितला. एक शब्द सांगता येईना. 'त्यात काय एवढं' हेसुद्धा सुचलं नाही. म्हातारीने मग स्वतःच 'खूप आभार' कसं म्हणायचं ते शिकवलं. 'मुतु मेरसे.' आप्पांनी ते वहीत लिहून घेतलं. काकू म्हणाल्या, 'अहो, हे असलं काही आपल्या बाजारात बोलू नका हं.'

परत आल्यावर पहिल्याच रविवारी आप्पांनी मला गाडी काढायला लावली. कोर्लईला रस्त्याच्या कडेला दोघी जणी टोपल्या घेऊन बसल्या होत्या. आप्पांनी बोंबील घेतले, आश्चर्य म्हणजे भाव न करता, पैसे मोजून दिले, वही उघडली आणि दोन्ही हात जोडून खणखणीत आवाजात म्हणाले, 'मुतु मेरसे!'

बाईने त्यांच्याकडे बघितलं. मग शेजारणीकडे वळून तिच्या भाषेत भराभर काहीतरी बोलली. शेजारीण तोंडाला पदर लावून जी हसायला लागली ती थांबेना.

'काय म्हणाली रे?' आप्पांनी मला विचारलं.

मागच्या सीटवरून काकूंचा आवाज आला, 'त्याला काय विचारता! तुमच्याकडचीच ना भाषा?'