तारखेवर मिळणारा पट्टा

उरण तालुक्यातल्या जासई गावच्या एखाद्या पोराने बाविसाव्या वर्षी कराटेचा क्लास काढतो म्हटले, तर घरच्यांनी त्याला वेड्यात काढू नये. त्याने बाजार नीट पाहिलेला असतो. ट्रेलर घ्यायचा तर बँकेचा हप्ता मानगुटीवर बसतो. कंटेनर यार्डात कंत्राट हवे तर आधी कुणाच्या तरी वाढदिवसाचे फ्लेक्स लावावे लागतात. साधी वडापावची गाडी टाकायची तरी अन्न परवान्याची नोंदणी लागते. बटाटा नीट उकडला की नाही, याची सरकारला काळजी आहे. परक्याच्या लेकराला बरगडीत लाथ कशी घालावी हे शिकवणाऱ्याला ‘तुला कुणी शिकवले?’ असे विचारणारे खाते मात्र नाही. चार मॅट, एक शिट्टी, समाजमंदिराची संध्याकाळची वेळ आणि मुठी आवळलेला एक फोटो एवढ्या भांडवलावर उद्योग उभा राहतो. प्रात्यक्षिकात फोडायची मंगलोरी कौलेसुद्धा फुकट मिळतात, कारण कुणाचे तरी कौलारू घर पाडून तिथे बिल्डिंग चढवणे चालूच असते.

पण क्लास चालतो तो स्वस्तात उभा राहतो म्हणून नव्हे. त्यात विकले काय जाते हे पाहिले पाहिजे. मारामारी तर नक्कीच नाही. विकली जाते ती तारीख. तीन महिन्यांनी पिवळा पट्टा म्हणजे तीन महिन्यांनी पिवळा पट्टा. परीक्षेच्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कडक घडीचा पट्टा निघतो, सर तो पोराच्या कमरेला बांधतात, आई मोबाइल आडवा धरते, आणि प्रमाणपत्रावर आडनावाचे स्पेलिंग चुकले तरी तारीख चुकत नाही. जासईत या गोष्टीचे मोल फार आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. जमिनीच्या भावासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. मूळ याच गावच्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. त्यातले पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापतात, हातात पावणेनऊ उरतात, तेही फाइल हलली तर. आजोबांनी अर्ज करायचा, वडिलांनी वारस दाखला जोडायचा, आणि नातवाने पुढच्या टेबलावर चौकशी करायची, ही इथली रीत. त्याच नातवाला कुणी नव्वद दिवसांत रंगीत पट्टा हातात देत असेल, तर बाप फी द्यायला का कुरकुरेल?

जाणकार म्हणतील, हजारो वर्षांच्या साधनेचा हा बाजार झाला. हजारो वर्षे कुठून आणली? ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी काळा पट्टा आणला तो १८८० च्या दशकात. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी १९२२ साली कराटे घेऊन टोकियोत आले आणि १९२४ मध्ये त्यांनी तो पट्टा उचलला. पिवळा, नारिंगी, हिरवा ही रांगोळी तर युरोपची आहे. १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांनी रंग वाढवले, कारण युरोपातला शिष्य पांढऱ्या पट्ट्यावर वर्षानुवर्षे थांबायला तयार नव्हता. परंपरेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

दुसरा आक्षेप स्वदेशीचा. आपला दांडपट्टा असताना जपानची लाथ कशाला? दांडपट्ट्याला २०२४ साली राज्यशस्त्राचा मान मिळाला, ही अभिमानाची गोष्ट आहेच. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि त्याच्या चमूने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ दाखवले. पण तालमीतला वस्ताद दहा वर्षे मातीत लोळवून वर म्हणणार, ‘अजून कच्चा आहेस.’ हे खरे असते, आणि म्हणूनच ते खपत नाही. कच्चेपणाचे प्रमाणपत्र दहावीच्या वाढीव गुणांसाठी जोडता येत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे कागदाचे वजन घामापेक्षा जास्त. ट्रॅम्पोलिनवर उडी न मारता ट्रॅम्पोलिनचे प्रमाणपत्र मिळवणारेही याच महाराष्ट्रात पकडले गेले. कराटेत तर आपल्या राजकीय पक्षांसारखे महासंघ फुटतात आणि फुटलेला प्रत्येक गट स्वतःला मूळचा म्हणवतो. टोकियोत कराटे ऑलिंपिकमध्ये होते, पॅरिसला वगळले गेले. मंगल कार्यालयातल्या ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धांना त्याचा पत्ताही लागला नाही.

राहता राहिले संरक्षण. रस्त्यावर याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याने आधी रस्ता पाहावा. जासईच्या पोराला खरा धोका चाळीस फुटी कंटेनरचा. त्याच्यासमोर ब्राउन बेल्टही पांढराच. उलट, एक तास मोबाइल दूर राहतो, पडताना डोके कसे सांभाळायचे ते कळते, बुजरी पोरगी पोटातून ओरडायला शिकते. हा फायदा फ्लेक्सवर कुणी लिहीत नाही, कारण तो खरा असूनही त्याला रंग नाही.

सरांचे वय कमी आहे, ही तक्रार तर अगदीच फोल. खरी अडचण जागेची आहे. समाजमंदिरात हळद असली की क्लासला सुट्टी, पावसाळ्यात गच्ची गळते, आणि गाळ्याचे भाडे ऐकून काळ्या पट्ट्यालाही घाम फुटतो. त्यावर उपाय आहे. ते पावणेचार टक्के सोयींसाठीच कापलेले आहेत; त्यातली मॅटभर जागा द्या, असा अर्ज सरांनी आजच करावा. कराटेत दहावी डॅन ही सर्वोच्च श्रेणी सहसा सत्तरी-ऐंशीच्या पुढे मिळते; अर्ज मंजूर होईपर्यंत सर तिथवर पोहोचलेले असतील. भूमिपूजनाला येणाऱ्या पाहुण्यांपेक्षा अर्जदारच ज्येष्ठ असेल, आणि नारळ हाताने फोडण्याची त्याची तयारीही तोवर झालेली असेल.