सगोत्रांचं गुळपीठ

ऐकलंत का? साताऱ्याचं आलं आणि सांगलीची हळद एकाच बाटलीत सापडली! सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका दुकानात, भरदिवसा, काचेच्या फ्रीजमध्ये. बाटली बोटभर, नाव 'इम्युनिटी शॉट'. किंमत सांगत नाही; शेजारी सासूबाई बसल्यात, त्यांना बीपी आहे.

बरं, दोघं सगोत्र! आलं आणि हळद वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली, झिंजिबरेसी त्याचं नाव. पण थंडी पडली की गोत्र बघतंय कोण?

हळदबाईंचा तोरा तर विचारूच नका. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून पाय जमिनीवर नाहीत. खरं तर त्यांचं अर्धं आयुष्य जमिनीखालीच गेलं, सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत. वर लहानसं तोंड, खाली अंधारी पोकळी. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा जीव घेते, म्हणून आधी ती खेळू देतात. 2005 च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं गेली. आणि आता गल्लोगल्ली काढ्यांचं पेव फुटलंय! हरिपूरकरांनी हसावं की रडावं?

पूर्वीही एक भानगड झालीच होती की. हळदीनं जखम भरते या 'शोधा'वर 1995 साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. आपल्या सीएसआयआरनं, माशेलकर प्रमुख असताना, जुने पुरावे पुढे टाकले आणि 1997 साली ते रद्द करवून पोरगी घरी आणली. आता घरच्यांनीच तिचं नाव 'टर्मरिक लाटे' ठेवलंय. तक्रार कुणाकडे करायची?

आल्याचं काय, ते कोरेगावकडचं, मुळात फटकळ. खरी गंमत करवलीची. करवली म्हणजे काळी मिरी. हळदीत करक्युमिन जेमतेम 3 टक्के, आणि तेही एकटं गेलं तर शरीर उंबऱ्यावरूनच वाटेला लावतं. मिरीतलं पायपरीन सोबत असलं की ते रक्तात 20 पटीनं जास्त उतरतं, असं 1998 साली बंगळुरूच्या संशोधकांना आढळलं. आमच्या आजीनं कुठलाही शोधनिबंध न वाचता दुधात मिरी ठेचून टाकली होती. ती ठेचायची, आम्ही नाक मुरडायचो.

साताऱ्याच्या मावशीला फोन लावला, म्हटलं तुमच्याकडे काय हालहवाल? "अगं, अजिंक्यताऱ्यावर पहाटे माकडटोप्यांची जत्रा! प्रत्येकाच्या काखेत काढ्याचा थर्मास. आणि उतरलं की सगळे भज्याच्या गाडीवर." मावशीला हे कसं माहीत, ते मी विचारलं नाही. मागून कढईचा आवाज येत होता.

आता आमचंही सांगते, उगाच लपवायचं कशाला. परवा नाक गळायला लागलं तशी मी गुपचूप तीच बाटली घेऊन आले. घशाला ऊब आली, बरं वाटलं. ओठ मात्र दोन दिवस पिवळे. सर्दीचं म्हणाल तर विषाणूची ती, आठवडाभर राहिली आणि आपल्या पायांनी गेली. सासूबाईंनी ओठांकडे बघितलं, अक्षर बोलल्या नाहीत. रिकामी बाटली धुतली आणि तिच्यात हिंग भरून ठेवला. झाकणाचा पिवळा डाग अजून गेलेला नाही.