सप्टेंबरपर्यंत थांबा

आमच्या सोसायटीत कुणाला नवा फोन घ्यायचा असला की तो आधी थांबेकरांकडे जातो आणि तासाभराने फोनचा विचार सोडून परत येतो. थांबेकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव खालच्या पत्रपेटीवर रंगवलेलं आहे. पण "थांबा जरा" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून इतक्यांदा बाहेर पडलेत की आता वॉचमनसुद्धा कुरिअरवाल्याला "थांबेकर ना? तिसरा माळा" असंच सांगतो. कुरिअरवाल्याला तो जिना पाठ आहे. त्याच्या पिशवीत थांबेकरांसाठी फोन कधीच नसतो. क्रेडिट कार्ड असतं.

असा एक गृहस्थ तुमच्याही ओळखीत असणार. ऑफिसात असेल, लोकलच्या ग्रुपात असेल, नाहीतर साक्षात मेहुणा म्हणून घरी येत असेल. आमचे डोंबिवलीचे, एवढंच.

थांबेकरांच्या पंचांगात फोन घ्यायला मुहूर्त नाही. जानेवारीत विचारा, सॅमसंगची नवी एस मालिका यायची असते. ती आली की जुनी उतरणार. फेब्रुवारीत बजेट. २०२४च्या जुलैत मोबाइलवरची कस्टम ड्यूटी २० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आली, तेव्हापासून त्यांचा अर्थमंत्र्यांवर फार विश्वास बसला आहे. गुढीपाडव्याला दुकानदार ऑफर लावतात, पण "ती लोकांना फसवायला." जूनमध्ये ॲपल नवं सॉफ्टवेअर दाखवतं, त्यावरून फोनचा अंदाज बांधायचा असतो. ऑगस्टमध्ये विचारणाऱ्याची तर ते कीवच करतात. "अहो, महिन्यावर आलाय नवा! सप्टेंबरपर्यंत थांबा." आणि सप्टेंबर उजाडला की दिवाळी सेल, दिवाळी झाली की वर्षअखेर, वर्ष संपलं की सॅमसंगची नवी एस मालिका.

२०२५ साली तर ग्रहच त्यांच्या बाजूने जमून आले. आयफोन १७ची विक्री सुरू झाली १९ सप्टेंबरला, ऐन पितृपक्षात. "कॅलिफोर्नियात कालनिर्णय जात नाही का?" असं ते तेव्हा लोकलमध्ये म्हणाले. मग २२ तारखेला, घटस्थापनेला, जीएसटीचे नवे दर लागू व्हायचे होते. म्हणून सोसायटीतल्या चार घरांची खरेदी त्यांनी एकट्याच्या जिवावर रोखून धरली. घट बसले, मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८वर आला, मोबाइलचा होता तिथेच, १८वर राहिला. फोनसाठी थांबलेली माणसं चिडून टीव्ही घेऊन आली. थांबेकर मात्र टीव्ही आणखी उतरेल म्हणून थांबले.

त्यांचा स्वतःचा फोन बघण्यासारखा आहे. मागे काच तडकलेली, तिच्यावर सेलोटेप, सेलोटेपवर मुलाच्या शाळेचं लेबल. पण त्या फोनला हेडफोनचं भोक आहे. हे भोक ते पाहुण्यांना दाखवतात. २०१६ साली ॲपलने आयफोन ७मधून ते काढलं आणि व्यासपीठावरून त्याचं कारण काय दिलं, तर धैर्य! हा शब्द थांबेकर अजून विसरलेले नाहीत. बायको आमटीत मीठ घालायला विसरली तरी ते म्हणतात, "धैर्य लागतं." त्या वेळी सॅमसंगवाल्यांनी जाहिराती करून ॲपलची टर उडवली आणि २०१९मध्ये नोट १०मधून स्वतःच्या फोनचं भोक गुपचूप बुजवलं. पुढच्या वर्षी आयफोन १२च्या खोक्यातून चार्जर गायब झाला. सॅमसंग पुन्हा हसलं आणि जानेवारी २०२१मध्ये एस २१च्या खोक्यातून त्यांचाही चार्जर गेला. या घटना थांबेकर अशा सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातल्याच कुणीतरी वाटणीत दगा दिलाय. त्यांच्या मते फोन कंपन्यांचं संशोधन म्हणजे खोक्यातून पुढे काय काढता येईल याचा शोध. "एक दिवस नुसतं खोकं देतील. आणि लोक अनबॉक्सिंग करतील!"

हे विधान मला मान्य आहे, पण त्यांच्यासमोर मान्य करायची सोय नाही. मग ते दुसरा मुद्दा काढतात.

बदलाच्या बातमीचा त्यांच्यावर होणारा परिणाम मी बराच काळ पाहत आलो आहे. बातमी येते तेव्हा ते संतापतात. बदल प्रत्यक्ष आला की थट्टा करतात. सगळ्यांच्या खिशात गेला की म्हणतात, "हे मी तेव्हाच सांगितलं होतं." काय सांगितलं होतं ते विचारायचं नसतं. आयफोनला टाइप-सी आलं तेव्हाची गोष्ट. युरोपने सगळ्यांसाठी एकच चार्जर हा कायदा केला आणि २०२३मध्ये आयफोन १५ला ते बारीक भोक पडलं. वर्षानुवर्षं थांबेकर "ॲपलची वायर वेगळी का?" म्हणून तणतणत होते. वायर एक झाली त्या दिवशी मी अभिनंदन करायला गेलो, तर चेहरा सुतकी. "आता जुन्या वायरींचं लोकांनी काय करायचं?" त्यांच्याकडे आयफोन नव्हता. जुनी वायरही नव्हती.

नव्या फोनची घोषणा आपल्याकडे रात्री साडेदहाला दिसते. त्या रात्री तिसऱ्या माळ्यावर जेवणं लवकर उरकतात. थांबेकर हाताची घडी घालून बसतात आणि पावणेअकराला जाहीर करतात, "काही नवीन नाही." त्यानंतर काही नवीन नाही याची खात्री करून घेण्यासाठी बारापर्यंत बघतात. केशरी रंगाचा आयफोन १७ प्रो आला तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने "भगवा आला" म्हणून तो डोक्यावर घेतला. थांबेकरांनी फक्त विचारलं, "रंग उडाला तर वॉरंटीत बसतं का?"

मुंबईत बीकेसीला १८ एप्रिल २०२३ला ॲपलचं दुकान उघडलं, टिम कुक स्वतः आले, आदल्या दिवशी माधुरी दीक्षितबरोबर वडापाव खाल्ल्याचे फोटो सगळीकडे झळकले. थांबेकरांचा प्रश्न एकच: "वडापाव खाऊन भाव किती कमी केला?" मात्र पुढच्या रविवारी ते बीकेसीला जाऊन आले. तिथल्या मुलाने हसून हवा तो फोन हाताळू दिला, काय घ्यायचंय असं एकदाही विचारलं नाही. ही सभ्यता थांबेकरांना लागली. दुकानदाराने गळ घालावी, आपण नाही म्हणावं, यात माणसाचा मान असतो. इथे नाही म्हणायची संधीच मिळाली नाही.

सध्या त्यांचं दुःख ई-सिमचं आहे. अमेरिकेतल्या आयफोन १४मधून सिमचा ट्रे गेला तेव्हा ते शांत होते, अमेरिका लांब आहे. पण २०२५मध्ये आयफोन एअर जगभर बिनसिमचाच निघाला आणि गोष्ट दारात आली. थांबेकरांकडे सिम काढायच्या पिना आहेत. आजवर घरात आलेल्या, नातेवाइकांकडे आलेल्या, लग्नाच्या हॉलवर सापडलेल्या सगळ्या पिना कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवलेल्या आहेत. बिल्डिंगमध्ये कुणाला पिन लागली की पोरगं धावत येतं, "काका, पिन!" आणि काका करंडा उघडून त्या फोनला कोणती बसेल ती निवडून देतात. हे खातंच बंद होणार. गावाला गेलं, रेंज नसली की शेजाऱ्याचं सिम आपल्या फोनमध्ये घालून बघायचं, ही कोकणातली शतकानुशतकांची परंपरा (शतकानुशतकं हा त्यांचा शब्द) बुडणार. मी म्हटलं, "तुमच्या फोनला तर आहे ना ट्रे?" ते म्हणाले, "प्रश्न माझा नाही हो. समाजाचा आहे."

फोन न घेता माणूस इतका खर्च कसा करतो, हे समजायला कार्डांकडे यावं लागतं.

थांबेकरांच्या मते फोन विकत घेणं हा अडाण्यांचा मार्ग; शहाणा माणूस आधी कार्ड घेतो. ॲमेझॉनचं आयसीआयसीआयबरोबरचं, फ्लिपकार्टचं ॲक्सिसबरोबरचं, सॅमसंगचंही ॲक्सिसबरोबरचं, अशी कंपन्यांच्या नावाची कार्डं त्यांच्या पाकिटात जिथे पैसे असायचे तिथे असतात. सॅमसंगचं कार्ड २०२२मध्ये आलं, सॅमसंगच्या कुठल्याही वस्तूवर १० टक्के कॅशबॅक. थांबेकर त्या रात्री झोपले नाहीत. ऐंशी हजारांच्या फोनवर आठ हजार! सकाळी बारीक अक्षरं वाचली: साध्या कार्डावर महिन्याला जास्तीत जास्त अडीच हजार, वर्षाला दहा हजार. म्हणजे पूर्ण दहा हजार हवे असतील तर लाखाची खरेदी पंचवीस-पंचवीस हजारांनी चार महिन्यांत तोडायची. त्यांनी कागदावर मांडणी केली. एप्रिलमध्ये फ्रिज, मेमध्ये वॉशिंग मशीन, जूनमध्ये मायक्रोवेव्ह. वहिनींनी कागद वाचला आणि विचारलं, "आणि फोन?"

"फोनला सप्टेंबरपर्यंत थांबायचंय."

कार्डवाल्यांच्या जगात सुविधा कमी झाली की "कार्ड डीव्हॅल्यू झालं" म्हणतात. थांबेकर हे रुपया घसरल्याच्या सुरात म्हणतात. २०२५च्या जूनमध्ये फ्लिपकार्टच्या ॲक्सिस कार्डावरची विमानतळाच्या लाउंजची सोय बंद झाली. थांबेकर वर्षातून एकदा नागपूरला विमानाने जातात, तेही साळ्याने तिकीट काढलं तर. पण लाउंजमध्ये दोन रुपयांत इडली-उपमा मिळतो म्हणून चार तास आधी पोहोचायचे. नो-कॉस्ट ईएमआय हा तर त्यांचा कीर्तनाचा विषय. व्याज सवलतीत वळतं करतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो, वर प्रोसेसिंग फी. आणि शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच सांगून ठेवलंय. हे ते पेनाने बिलाच्या पाठीवर मांडून दाखवतात आणि इथे त्यांचा एक पैसाही चुकत नाही. तळमजल्यावरच्या नव्या जोडप्याला त्यांनी खरंच एका फसव्या योजनेतून वाचवलं. दोघं पेढे घेऊन आले. पेढ्यांचे पैसे कोणत्या कार्डाने दिले, हे त्यांनी विचारलंच.

पण त्यांचं खरं प्रेम ज्या कार्डावर, ते त्यांना मिळू शकत नाही. ॲपल कार्ड. २०१९मध्ये गोल्डमन सॅक्स बँकेबरोबर अमेरिकेत निघालं, टायटॅनियमचं, वर नंबर नाही, काही नाही. भारतात ते मिळत नाही. एचडीएफसीबरोबर बोलणी चालल्याच्या बातम्या २०२३मध्ये छापून आल्या तेव्हा थांबेकरांनी एका बँकेचं कार्ड, पाकिटात जागा व्हावी म्हणून, बंद केलं होतं. या टायटॅनियम कार्डाबद्दल ॲपलची अधिकृत सूचना अशी की चामड्याने आणि डेनिमने त्यावर कायमचे डाग पडू शकतात. म्हणजे चामड्याच्या पाकिटात नको, जीन्सच्या खिशात नको. थांबेकरांनी मऊ कापडाचं पाकीट शिवून ठेवलंय. ते ठेवलंय कुठे, तर पिनांच्या करंड्याशेजारी.

जानेवारी २०२६मध्ये जाहीर झालं की हे कार्ड गोल्डमन सॅक्सकडून जेपी मॉर्गन चेसकडे जाणार. सगळा बदल व्हायला साधारण दोन वर्षं. सकाळच्या लोकलमध्ये मुंब्र्यापर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "गोल्डमनने करायला नको होतं." शेजारचा भाजीच्या पिशवीवर डोकं टेकून झोपला होता, तो दचकून म्हणाला, "कोण गेलं?" कॅशबॅक ३ टक्क्यांपर्यंत चालू राहणार, नेटवर्क मास्टरकार्डचंच राहणार, हे जाहीर झालेलं मी त्यांना वाचून दाखवलं. त्याने समाधान झालं नाही. "सुरुवातीला असंच म्हणतात," ते म्हणाले, "आपण ग्राहकांनी सावध राहायला हवं."

त्याच सुमारास दुसरी बातमी आली, आणि ती मात्र खिशाला लागणारी होती. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी चिप जाऊ लागल्या, फोनला लागणारी मेमरी महागली आणि कंपन्या भाव वाढवू लागल्या. थांबलं की भाव उतरतो, या एका तत्त्वावर ज्याने संसार केला त्याला हे कसं पचावं? दोनेक आठवडे सल्ल्याचं खातं बंद होतं. मग एका संध्याकाळी त्यांनी नवा सिद्धांत मांडला. हे एआयचं सगळं एक दिवस फुटणार, डेटा सेंटरं ओस पडणार आणि चिपा रद्दीच्या भावाने येणार. तोपर्यंत थांबा.

वहिनी थांबल्या नाहीत. त्यांचा फोन भाजी निवडताना बंद पडला, त्या चपला घालून स्टेशनजवळच्या दुकानात गेल्या आणि कुकर थंड व्हायच्या आत फोन घेऊन आल्या. कार्ड नाही, ईएमआय नाही. बिशीचे रोख पैसे. थांबेकरांनी कॅशबॅक किती विचारलं. त्या म्हणाल्या, "कव्हर फुकट दिलं. काचही लावून दिली."

"अगं, दोन महिन्यांनी हाच फोन तीन हजारांनी खाली येईल!"

"येऊ दे की. दोन महिने माझे वापरून झालेले असतील."

थांबेकर काही बोलले नाहीत. फोन उलटासुलटा केला, भोक आहे का पाहिलं, नव्हतं. सिमचा ट्रे होता; पिन काढून करंड्यात ठेवली. वहिनी रिकामं खोकं कचऱ्याच्या डब्याकडे घेऊन निघाल्या तेव्हा मात्र ते खुर्चीतून उठलेच.

"खोकं टाकू नकोस. एक्स्चेंजला लागतं."